पहिल्या वर्षी गाडी न्यावी का?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या शाळेच्या कार्यालयात माजी विद्यार्थी आणि पालक यांची वर्दळ सुरू होते. कोणाला दाखल्याची दुसरी प्रत हवी असते, कोणाला जात पडताळणीच्या कागदपत्रांविषयी विचारायचे असते, कोणाला वसतिगृहाचा अर्ज भरून हवा असतो. गेल्या काही वर्षांत या नेहमीच्या कामांत एका प्रश्नाची भर पडली आहे. कागदपत्रांचे काम आटोपते, चहा होतो आणि उठता उठता वडील हळूच विचारतात, "सर, पोरगं म्हणतंय कॉलेजला गाडी पाहिजे. घेऊन द्यावी का?"

प्रश्न साधा वाटतो. पण विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरून कळते की घरात यावर बरीच चर्चा, कदाचित रुसवेफुगवेही झालेले आहेत. अमेरिकेसारख्या देशात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांच्या घरी हाच प्रश्न चारचाकीविषयी विचारला जातो आणि तिथल्या अनेक निवासी विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मोटार ठेवण्याची परवानगीच नसते. आपल्याकडे गाडी म्हणजे मोटारसायकल किंवा स्कूटर. वाहन निराळे असले तरी निर्णय तोच आहे. मूल पहिल्यांदा घराबाहेर, शाळेच्या शिस्तीबाहेर पडते आहे. अशा वेळी त्याच्या हाती वाहन द्यावे की थोडे थांबावे? शाळेच्या स्मरणिकेत या विषयावर सविस्तर लिहावे, असे आम्हा शिक्षकांना वाटले. कारण वरवर खर्चाचा दिसणारा हा प्रश्न प्रतिष्ठेचा आहे, कायद्याचा आहे आणि कित्येकदा जीविताचाही आहे.

या इच्छेची टवाळी करू नये

मुलाने गाडी मागितली की मोठी माणसे प्रथम त्याला बोल लावतात. "आम्ही पायी शाळेत गेलो," हे वाक्य घरोघरी ऐकू येते. आम्हाला मात्र ही इच्छा क्षुल्लक वाटत नाही. ज्या समाजाच्या पूर्वजांना सार्वजनिक रस्त्यावरून मान वर करून चालणेही अवघड केले गेले, त्या समाजातील मुलाला स्वतःच्या वाहनावरून गावात शिरावेसे वाटले, तर त्यामागे केवळ चैन नसते.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन प्रसंग या संदर्भात आठवतात. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनपर टिपणांत ते त्यांनी स्वतः नोंदवले आहेत. पहिला प्रसंग १९०१ सालचा. वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून निघालेली ही लहान मुले मसूर स्थानकावर उतरली. ती महार आहेत हे कळताच कोणीही बैलगाडीवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एकजण कबूल झाला. तो स्वतः गाडीबरोबर पायी चालत राहिला.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, शासनाने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्थानकावरून त्यांना महारवाड्यात नेण्यास एकही टांगेवाला तयार झाला नाही. पाहुण्याला पायी चालवत नेणे वस्तीतील लोकांना अपमानास्पद वाटले. त्यांनी टांगा भाड्याने मिळवला आणि हाकायला आपल्यातलाच एक माणूस बसवला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. वाटेत एका मोरीवर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाला गंभीर दुखापत झाली. पाहुण्याची प्रतिष्ठा राखण्याच्या भरात लोकांनी त्याचा जीवच धोक्यात घातला होता, हे त्यांना मागाहून उमगले.

हा दुसरा प्रसंग पालकांनी पुन्हा पुन्हा आठवावा, असे आम्हाला वाटते. वस्तीतील लोकांचा हेतू निर्मळ होता. अपराध असेल तर तो टांगा नाकारणाऱ्यांचा होता. तरीही परिणाम भोगावा लागला तो ज्याच्या सन्मानासाठी सारे केले त्यालाच. मुलाचा मान राहावा म्हणून शिकाऊ हातात गाडी देणारे वडील याच पेचात असतात. मान राखलाच पाहिजे. पण त्यासाठी जीव पणाला लावू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा साधता येतील, ते आता पाहू.

गाडी कोणते काम करणार?

पहिला विचार अंतराचा. आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरातील मुलाची अडचण वेगळी, श्रीरामपुरात राहून तिथेच शिकणाऱ्या मुलीची वेगळी. त्यामुळे सर्वांना एकच उत्तर देता येत नाही. आमच्या अनुभवात महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट महाविद्यालयाच्या आवारात किंवा त्याच्या जवळच्या वसतिगृहात राहणाऱ्यांचा. छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद महाविद्यालय बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली सुरू केले, तेव्हा नागसेनवनाच्या परिसरात महाविद्यालयाबरोबर वसतिगृहाचाही विचार झाला. गरीब मुलाचा वेळ आणि पैसा प्रवासात जाऊ नये, हे त्यामागचे शहाणपण आजही लागू आहे. खोलीपासून वर्ग दहा मिनिटांच्या चालण्यावर असेल, तर गाडी दिवसभर झाडाखाली उभी राहते आणि संध्याकाळी मात्र हमखास बाहेर पडते. म्हणजे ती शिक्षणाचे कोणतेच काम करत नाही.

दुसरा गट शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांचा. इथे बहुतेकदा घोळ होतो तो क्रमाचा. मुले आधी गाडी ठरवतात आणि मग, "गाडी आहेच की," असे म्हणून महाविद्यालयापासून आठ-दहा किलोमीटरवर स्वस्त खोली घेतात. भाड्यात महिन्याला सातशे-आठशे रुपये वाचतात आणि पेट्रोलमध्ये त्याहून अधिक जातात. खोली जवळ घ्यावी. मग गाडीची गरज आपोआप तपासली जाते. पुण्यात शिकणाऱ्यांसाठी शहर बससेवा आहेच, शिवाय नगर रस्त्यालगतच्या रामवाडीपासून वनाजपर्यंत आणि पिंपरी-चिंचवडपासून स्वारगेटपर्यंत मेट्रो धावते. विद्यार्थ्यांना मेट्रोच्या तिकिटात ३० टक्के सवलत मिळते.

तिसरा गट गावाहून रोज ये-जा करणाऱ्यांचा. यांच्यासाठी एसटी हाच मुख्य आधार. राज्य परिवहनाची पहिली बस १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे-अहमदनगर मार्गावरच, याचा आपल्या जिल्ह्याला अभिमान आहे. आज विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे. म्हणजे तीन रुपयांच्या प्रवासाला एक रुपया पडतो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत मिळते. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शाळेच्या प्रवासासाठी मोफत पास देण्याची योजना तर अहिल्याबाई होळकर यांच्याच नावाने चालते. मात्र सवलत असूनही बस वेळेवर नसेल, वाडी-वस्तीपासून थांबा चार-पाच किलोमीटर दूर असेल, पहिल्या तासाला पोहोचणेच शक्य नसेल, तर गाडीचा विचार करणे रास्त आहे. या गटातील मुलांना आम्ही सरसकट नकार देत नाही.

वय आणि परवाना

आपल्याकडे अकरावीलाही कॉलेजच म्हणतात, त्यामुळे गाडीची मागणी पुष्कळदा सोळाव्या-सतराव्या वर्षीच होते. इथे मात्र निर्णय घेण्याचा प्रश्नच उरत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला १६ वर्षांची सूट आहे. पण आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळजवळ सर्व मोटारसायकली आणि पेट्रोलवरच्या स्कूटर त्याहून मोठ्या इंजिनाच्या असतात. पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणाऱ्या मुलांपैकीही काहींचे वय सतराच असते. म्हणून जन्मतारीख आधी पाहावी.

२०१९ च्या दुरुस्तीने या कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा कारावास आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. पुढे पोलीस भरतीची, चालकपदाची किंवा फिरतीच्या नोकरीची स्वप्ने पाहणाऱ्या मुलासाठी ही शेवटची तरतूद किती महागात पडेल, याचा विचार पालकांनी करावा.

अठरा पूर्ण झाल्यावर आधी शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. त्याची मुदत सहा महिने असते. तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. आपल्या जिल्ह्यातील मुलांसाठी नगर आणि श्रीरामपूर अशी दोन परिवहन कार्यालये आहेत. गाडीच्या क्रमांकातील 'एमएच १६' आणि 'एमएच १७' त्यावरूनच आले. गाडी यायची तेव्हा येवो, परवाना मात्र सुट्टीतच काढून ठेवावा. तो हाती असण्यात तोटा काही नाही.

परवान्याचा संबंध विम्याशीही आहे. तृतीय पक्ष विमा कायद्याने सक्तीचा असून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. या विम्यातून अपघातात सापडलेल्या दुसऱ्या माणसाला भरपाई मिळते. चालवणाऱ्याकडे वैध परवाना नसेल, तर विमा कंपनी ती भरपाई देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. गाडी वडिलांच्या नावावर असते. वसुलीची नोटीस घरी येते तेव्हा ती दोन एकर कोरडवाहू जमिनीच्या दाराशीच येते.

हिशेब कागदावर मांडू

"हप्ता फक्त दोन-अडीच हजार," असे दुकानात सांगितले जाते. आपण वर्षाचा पूर्ण हिशेब मांडू. समजा, साधी प्रवासी मोटारसायकल सर्व कर, नोंदणी आणि विम्यासह ९५,००० रुपयांना पडली. २५,००० रोख भरले आणि ७०,००० रुपयांचे कर्ज १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता येतो सुमारे २,३२५ रुपये. वर्षाचे झाले २७,९००. तीन वर्षांत मिळून व्याजच जवळपास १३,७०० रुपये.

आता चालवण्याचा खर्च. रोज २० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. लिटरला ५० किलोमीटर धरले तर १० लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या पुढे गेलेला आहे. तेव्हा सुमारे १,०५० रुपये. ऑइल, सर्व्हिसिंग, पंक्चर, ब्रेक यांचे सरासरी ३०० धरू. हे १,३५० रुपये शैक्षणिक वर्षाच्या दहा महिन्यांना १३,५०० होतात. हप्त्यासह वर्षाचा आकडा ४१,४०० रुपये. यात दंड, हेल्मेट, पडझड आणि मित्रांसाठी भरलेले पेट्रोल धरलेले नाही.

हा आकडा कशाशी ताडून पाहावा? शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. योजनेच्या शासन निर्णयात मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले: भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,०००. इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ही रक्कम ४३,००० आहे. पुण्यात राहून गाडीचा खर्च याच पैशांतून केला तर उरतात १८,६०० रुपये. भोजन सोडाच, निवासाचे २०,०००सुद्धा त्यात बसत नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्याकडे उरतात फक्त १,६००. शिवाय गाडीचा हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला कापला जातो. योजनेची रक्कम तशी दरमहा येत नाही. मधल्या महिन्यांत मुले एक वेळच्या जेवणावर दिवस काढतात, हे आम्ही पाहिले आहे. गाडी दारात उभी असते आणि डबा बंद झालेला असतो.

काही घरांत हप्त्याऐवजी दुसरा मार्ग निघतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडीला जाणारे पालक मुकादमाकडून थोडी अधिक उचल घेतात आणि त्यातून गाडी येते. उचल म्हणजे पुढच्या हंगामाची आधीच विकलेली मेहनत. मुलाच्या वाहनासाठी आई-वडिलांचा एक आख्खा हंगाम बांधला जात असेल, तर तो हिशेब मुलासमोर मांडलाच पाहिजे. त्याला तो माहीत नसतो. आणि माहीत झाला की बहुतेक मुले स्वतःच मागणी मागे घेतात, असा आमचा अनुभव आहे. मुले स्वार्थी नसतात. आपण त्यांना घरच्या पैशांची गोष्ट सांगत नाही, ही आपली चूक आहे.

घरात आधीच असलेली एकुलती गाडी मुलाने नेणे हाही असाच प्रश्न. त्याच गाडीवर वडील पहाटे दूध घालत असतील किंवा कामाच्या शोधात तालुक्याला जात असतील, तर ती नेणे म्हणजे रोजगार नेणे.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्याचा उपदेश केला आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवण्याचा. विद्यार्थ्याचा व्यवसाय म्हणजे त्याचे शिक्षण. व्यवसायाचे दोन भाग आणि अडचणीचा चौथा भाग, हे तिन्ही एकट्या गाडीने गिळले, तर त्या घराचा तोल राहत नाही.

"गाडी घेऊन द्या, संध्याकाळी जेवण पोहोचवण्याचे काम करून हप्ता मीच फेडीन," असे सांगणारी स्वाभिमानी मुलेही भेटतात. त्यांचे कौतुकच आहे. पण या कामाचे तास रात्रीचे असतात, उशीर होऊ नये म्हणून वेग वाढतो आणि सकाळचा तास बुडतो. कामच करायचे असेल, तर महाविद्यालयातील 'कमवा आणि शिका' योजनेची चौकशी आधी करावी. तिथे मोबदला थोडा असतो. पण काम आवारातच आणि तासिकांच्या वेळा सांभाळून मिळते.

आपले रस्ते

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातील चव्वेचाळीस. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. त्यांत चौदा हजारांहून अधिक मागे बसलेले होते. ही संख्या मुलांना भीती घालण्यासाठी दिलेली नाही. मागे बसणाऱ्या मित्रालाही हेल्मेट लागते, एवढे तरी तिच्यातून शिकावे.

आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांची स्वतःची वैशिष्ट्ये आहेत. साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री संथपणे चालतात. मागे दिवा नसतो, असला तरी उसाच्या मोळ्यांनी झाकलेला असतो. समोरून येणाऱ्या वाहनाच्या प्रकाशात ही ट्रॉली दिसत नाही; दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुणे रस्त्यावर सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली असा औद्योगिक वाहतुकीचा पट्टा लागतो. मनमाड रस्त्यावर राहुरी, कोल्हारकडून शिर्डीच्या दिशेने अवजड वाहने आणि भाविकांच्या गाड्या एकाच वेळी धावत असतात.

म्हणून आमचा एक ठाम आग्रह आहे. महाविद्यालय आणि गाव यांच्यामधला लांबचा प्रवास दुचाकीवर करू नये. नगर ते पुणे सुमारे १२० किलोमीटर आहे. शनिवारी दुपारी तास आटोपून निघालेला मुलगा अंधार पडताना घराच्या जवळ येतो, तेव्हा तो सर्वांत जास्त थकलेला असतो. सणाला घरी यायचे तर एसटीनेच यावे. गाडी घेतलीच, तर ती गावातल्या गावात किंवा शहरातल्या शहरात चालवण्यासाठी.

गाडी आणि पहिले वर्ष

आपल्या शाळेतून बाहेर पडणारा विद्यार्थी कित्येक वर्षे घंटेवर जगलेला असतो. पहाटेची वंदना, न्याहारी, तासिका, मैदान, अभ्यासिका, दिवे बंद. महाविद्यालयात ही घंटा अचानक थांबते. वेळेचे काय करायचे हे त्याला पहिल्यांदाच स्वतः ठरवावे लागते. हे शिकण्याला पहिले सत्र पुरते जाते. नेमक्या याच काळात हाती गाडी आली, तर वेळ कसा घालवायचा हे तो ठरवत नाही. गाडी ठरवते, आणि तिच्याबरोबर आलेले मित्र ठरवतात.

गाडी असलेल्या मुलाला मित्र लवकर मिळतात. "जरा चावी दे रे, पाच मिनिटांत येतो," हे वाक्य त्याला दिवसातून तीनदा ऐकावे लागते. नकार दिला तर मैत्री तुटते. चावी दिली आणि त्या मित्राकडे परवाना नसला, तर कायद्याने मालकही दोषी ठरतो. गावाकडून आलेल्या, ओळखी करू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलासाठी हा नकार सोपा नसतो. गाडी नसेल तर हा पेच त्याच्यासमोर येतच नाही.

उलट पायी चालणारा, बसने जाणारा विद्यार्थी शहर ओळखतो. ग्रंथालय कुठे, जुन्या पुस्तकांचे दुकान कुठे, स्वस्त आणि चांगली खानावळ कोणती, हे त्याला कळते. बसच्या थांब्यावर वर्गातलीच मुले भेटतात. 'धम्मपदा'च्या दुसऱ्या वर्गाचे नाव अप्पमादवग्ग आहे. अप्रमाद म्हणजे गाफील न राहणे, सावध असणे. ही सावधता रस्त्यावर जितकी लागते, तितकीच दिवसाच्या वेळापत्रकातही लागते; आणि आधी वेळापत्रकात बाणली की मग रस्त्यावर ती टिकते.

ज्यांना गाडी खरोखर हवी

नकाराचाही अतिरेक होऊ नये. काही विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून वाहन लागते. दिव्यांग विद्यार्थ्याला त्याच्या गरजेप्रमाणे बदल केलेले वाहन हे त्याचे पाय असतात. तिथे खर्चाचा हिशेब निराळ्या तराजूत तोलावा. ज्या वस्तीवर एसटी पोहोचत नाही, तिथून रोज ये-जा करणाऱ्याला गाडी हेच शिक्षणाचे साधन. प्रयोगशाळा किंवा रुग्णालयातील प्रशिक्षण रात्रीपर्यंत चालणाऱ्या मुलींचा प्रश्नही गंभीर आहे. शेवटची बस चुकल्यावर अंधारात थांब्यावर उभे राहण्यापेक्षा स्वतःची स्कूटर अधिक सुरक्षित ठरू शकते. अनेक घरांत मुलाला न मागता गाडी मिळते आणि मुलीला गरज असून मिळत नाही. आपल्या समाजात तरी हा भेद नसावा. गरज कोणाची मोठी, एवढेच पाहावे.

अशा वेळी गाडी जुनी पण सुस्थितीतील घ्यावी, शक्यतो कर्जाविना. आरसी पुस्तक, विमा, पीयूसी आणि मागील दंड तपासून ती चालवणाऱ्या घराच्या नावावर करून घ्यावी. हेल्मेट दोन घ्यावीत, आयएसआय चिन्हाची. विजेवरच्या स्कूटरचा विचार असेल, तर खोलीमालकाकडे किंवा वसतिगृहात चार्जिंगची सुरक्षित सोय आहे का, ते आधी विचारावे. अनेक ठिकाणी खोलीत बॅटरी चार्ज करण्यास मनाई असते आणि ती योग्यच आहे.

पहिले सत्र पायी

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. आमचे म्हणणे असे की वर सांगितलेली निकड नसेल, तर पहिले सत्र गाडीविना काढावे आणि निर्णय दिवाळीच्या सुट्टीत घ्यावा. तोवर विद्यार्थ्याने एक छोटी वही ठेवावी. रोज कुठे गेलो, कसे गेलो, किती पैसे लागले आणि बस नसल्यामुळे एखादा तास बुडाला का, एवढेच त्यात लिहावे. चार महिन्यांनी ती वही घेऊन आई-वडिलांसमोर बसावे. बसअभावी दहा-पंधरा तास बुडालेले दिसले, तर गाडीची बाजू भक्कम आहे. मग वडिलांनीही मोकळ्या मनाने होकार द्यावा. वहीत तसे काही नसेल, तर त्याला स्वतःलाच उत्तर मिळालेले असते. दरम्यान तीन-चार किलोमीटरच्या अंतराला जुनी सायकल उत्तम.

कालाम लोकांना तथागतांनी सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, कोणी मोठा माणूस म्हणतो म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नये. स्वतः तपासून, हिताची दिसली तर स्वीकारावी. शेजारच्या मुलाकडे आहे म्हणून गाडी घेणे आणि आम्ही नाही म्हणतो म्हणून न घेणे, ही दोन्ही उत्तरे न तपासलेलीच आहेत. वही हे तपासण्याचे साधन आहे. शिवाय अठरा वर्षांच्या मुलाने हिशेब मांडून मागणी करणे आणि वडिलांनी तो हिशेब गांभीर्याने वाचणे, यात दोघांचाही मान राहतो.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी अनेकजण आज पुणे, नगर, संभाजीनगर, नाशिक येथे स्थिरावले आहेत. शाळेतून नवे विद्यार्थी आपल्या शहरात येतात, तेव्हा त्यांना महाविद्यालयाजवळची खोली शोधून द्यावी, बसचे मार्ग दाखवावेत, घरात पडून असलेली सायकल द्यावी. परिवहन कार्यालयातील चाचणीआधी मोकळ्या मैदानात चार रविवार गाडी शिकवावी. चाळीसगावच्या त्या टांग्यात पाहुण्याविषयी प्रेम होते, आदर होता. उणीव होती ती फक्त हाकण्याच्या सरावाची. ती भरून काढणे आज आपल्या हाती आहे.

आपली मुले दूर जावोत, मानाने जावोत आणि सुखरूप परत येवोत, हीच मंगलकामना.

जय भीम. नमो बुद्धाय.